क्विल्टसाठी साठवलेले कापड: वर्गवारी, घडी आणि जतन

प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षांच्या क्विल्टिंगनंतर (म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, खाली अस्तर आणि मध्ये भरण घालून गोधडी शिवण्याच्या कामानंतर) घरात बरेच सुती कापड साठले आहे. थोडे कपाटात घड्या करून, थोडे पिशव्यांत, थोडे खोक्यांत. हवा तो तुकडा वेळेवर सापडत नाही, म्हणून तोच रंग पुन्हा विकत घेतला जातो. काही घड्यांच्या कडांवरचा रंग उडालेला दिसतो आणि एका पिशवीतल्या कापडाला कुबट वास येऊ लागला आहे. शिवणासाठी वेगळी खोली नाही, एका भिंतीएवढी जागा आहे. तर डबे कोणते घ्यावेत आणि कापड कोणत्या क्रमाने लावावे?

डब्यांचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. कापड किती आहे, कोणत्या लांबीचे आहे आणि घडी केल्यावर त्याचे माप किती होते, हे कळल्याशिवाय घेतलेला डबा हमखास एकतर खोल निघतो किंवा उथळ. खोल डब्यात वरचे दोन थर वापरले जातात आणि खालचे कापड वर्षानुवर्षे तसेच राहते. साठवणीची कोणतीही पद्धत ठरवताना मी एकच गोष्ट पाहते: नवा क्विल्ट आखताना मेजापाशी उभे राहून मी पहिला प्रश्न कोणता विचारते? "निळा आहे का?" की "अस्तराला पुरेल एवढा सलग तुकडा आहे का?" ज्या प्रश्नाने शोध सुरू होतो, त्याच प्रश्नाने कप्पे पडायला हवेत. कपाट सुंदर दिसणे हा त्याचा उपफायदा मानावा.

सुरुवातीला सगळे कापड एकाच ठिकाणी बाहेर काढावे आणि शक्य असेल तर वजन करावे. मीटरने मोजत बसण्यापेक्षा हे फार सोपे आहे. क्विल्टिंगच्या सुती कापडाचे वजन साधारणपणे दर चौरस मीटरला १४० ग्रॅमच्या आसपास असते आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ११० सेंटीमीटरच्या जवळपास असतो. त्या हिशेबाने एक मीटर कापड सुमारे १५० ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत साडेसहा मीटर कापड येते. घरातल्या वजनकाट्यावर पिशव्या ठेवून आलेल्या आकड्याला साडेसहाने गुणले की साठ्याचा पुरेसा अचूक अंदाज मिळतो. हा आकडा पुढच्या खरेदीच्या वेळी डोक्यात राहतो, हा एक लाभ. दुसरा अधिक व्यावहारिक आहे. शंभर मीटर कापड म्हणजे पंधरा किलो, आणि भुसा दाबून केलेल्या लांब, मध्ये आधार नसलेल्या फळीला एवढे वजन कायमचे दिले की ती मध्यभागी बाक घेते. फळी आखूड असावी किंवा मध्ये टेकू असावा.

कापड बाहेर आहे तोवरच त्याची तपासणी करून घ्यावी. कुबट वासाचे कापड ताबडतोब वेगळे काढावे. बुरशी आली असेल तर ती कोरडी झटकण्याचे काम घराबाहेर करावे, कारण घरात झटकल्यास बुरशीचे कण उरलेल्या कापडावर जाऊन बसतात. त्यानंतर कापड धुऊन पूर्ण वाळवावे. कोणत्या धाग्याचे कापड आहे याची शंका असेल तर काठाचे चार धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ करडी राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. मिश्र धाग्याचे कापड टाकून देण्याची गरज नाही, परंतु ते शुद्ध सुती कापडात मिसळू नये. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि इस्त्रीचा तापही सारखा सोसत नाहीत.

याच टप्प्यावर धुतलेले आणि न धुतलेले कापड वेगळे करावे. आधी धुवावे की नाही यावर क्विल्ट करणाऱ्यांत कायमचे दोन तट आहेत आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे. न धुतलेले कापड ताठ असते, त्यामुळे ते कापायला आणि जोडायला सोपे जाते. धुतलेले कापड आटून झालेले असते आणि त्याचा सुटा रंग निघून गेलेला असतो. साठवणीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की एका क्विल्टमध्ये दोन्ही नकळत एकत्र येऊ नयेत. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के सहज आटते. शेजारचे ठिगळ आधीच आटलेले असेल तर तयार क्विल्ट पहिल्या धुण्यानंतर त्या जागी ओढला जातो. धुतलेल्या कापडाच्या काठाचा एक कोपरा तिरका कापून ठेवावा. ही खूण चिठ्ठीसारखी गळून पडत नाही आणि अंधाऱ्या कपाटात बोटांनाही कळते. गडद लाल, गडद निळे आणि काळे कापड धुतलेले असो वा नसो, ओल्या पांढऱ्या फडक्याने एकदा घासून पाहावे. फडक्याला रंग लागला तर ते कापड रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवावे, आणि तोवर फिकट कापडापासून दूर ठेवावे. आधीच कापून मिळणारे संच, म्हणजे अडीच इंची पट्ट्या किंवा पाच आणि दहा इंचांचे चौकोन, मात्र कधीही धुऊ नयेत. त्यांच्या कडा विरतात, गुंता होतो आणि माप जाते.

आता वर्गवारी. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. मी लांबीपासून करते. कारण अस्तराचे कापड, गोटाचे (कडेला शिवायच्या पट्टीचे) कापड आणि ब्लॉकचे (नक्षीच्या एकेका चौकोनाचे) कापड यांची निवड वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या निकषांवर होते. एकेरी पलंगाच्या साधारण १४० बाय १९० सेंटीमीटर क्विल्टला चारही बाजूंनी दहा-दहा सेंटीमीटर जादा धरून १६० बाय २१० चे अस्तर लागते. नेहमीच्या पन्ह्याचे १६० सेंटीमीटरचे दोन तुकडे आडवे जोडले की हे जेमतेम बसते, आणि आटण्यासाठी व कापण्यातल्या चुकीसाठी जागा ठेवली तर साडेतीन मीटर कापड हवे. त्यामुळे साडेतीन मीटर किंवा त्याहून लांब असे प्रत्येक कापड मी 'अस्तर' म्हणून बाजूला काढते, मग त्याचा रंग कोणताही असो. असे कापड रंगाच्या रांगेत ठेवले की कधीतरी एका ब्लॉकसाठी त्यातून वीतभर कापले जाते आणि ते अस्तराला पुरेनासे होते. उरलेल्याचे तीन गट पुरतात: मीटरभर व त्याहून अधिक, अर्ध्या मीटरच्या आसपासचे व पाव तुकडे, आणि कात्रणे. पाव तुकडा म्हणजे साधारण ४५ बाय ५५ सेंटीमीटरचा. त्याच्या निम्म्याहून लहान असलेले सर्व कात्रणांत जाते.

या गटांच्या आत रंग. इंद्रधनुष्याचा क्रम डोळ्याला ओळखीचा असल्यामुळे तोच ठेवावा, आणि पांढरे, करडे, तपकिरी, काळे यांना शेवटी वेगळी जागा द्यावी. अनेक रंगांच्या छापील कापडाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ते चार-पाच पावले दूर ठेवून पाहावे आणि तेथून जो रंग दिसेल त्या रांगेत टाकावे, कारण क्विल्टमध्येही ते तेवढ्याच अंतरावरून पाहिले जाणार आहे. तरीही ठरत नसेल तर एक 'बहुरंगी' कप्पा मोकळ्या मनाने करावा. मोठ्या नक्षीचे कापड, पट्टे आणि चौकटी यांना मी वेगळे ठेवते. त्यांची निवड रंगापेक्षा नक्षीच्या मापावर होते, आणि पट्टे कापताना धाग्याची दिशा सांभाळावी लागते. एका विषयाचे कापड, उदाहरणार्थ लहान मुलांच्या चित्रांचे किंवा सणांचे, तुम्ही खरोखर त्या विषयाचे क्विल्ट करत असाल तरच एकत्र ठेवावे. अन्यथा असा गट म्हणजे अडगळीला दिलेले सभ्य नाव ठरते.

रंगाच्या प्रत्येक रांगेत फिकटापासून गडदापर्यंत क्रम लावणे हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. क्विल्टची नक्षी रंगापेक्षा उजळ-गडद भेदावर उभी राहते. दोन वेगळे रंग समान उजळपणाचे असतील तर तारा किंवा त्रिकोण दुरून एकमेकांत मिसळून जातात. डोळ्याला हा भेद रंगामुळे नीट कळत नाही, विशेषतः लाल आणि हिरव्यामध्ये. रांगेचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते कृष्णधवल करावे म्हणजे चुकीच्या जागी बसलेले कापड लगेच दिसते. या छायाचित्रात बहुतेक संग्रहांची एक उणीवही उघड होते. मध्यम उजळपणाचे कापड भरपूर असते, खरे फिकट आणि खरे गडद फारच थोडे. दुकानात मध्यम छटाच लक्ष वेधून घेतात, हे त्याचे कारण. पुढची खरेदी ही उणीव पाहून करावी.

घडी हा या सगळ्याचा पाया आहे, कारण सर्व घड्या एका मापाच्या असतील तरच कापड फळीवर रांगेत उभे राहते आणि एक ओढल्यावर बाकीचे कोसळत नाही. कापण्यासाठी वापरतो ती सहा इंच रुंद आणि चोवीस इंच लांब मोजपट्टी यासाठी उत्तम साधन आहे. कापड काठाला काठ लावून दुमडावे म्हणजे रुंदी ५५ सेंटीमीटर होते. तेच पुन्हा एकदा दुमडले की साडेसत्तावीस. आता कापडाच्या एका टोकाला पट्टी ठेवून ती पालटत पालटत दुसऱ्या टोकापर्यंत कापड तिच्याभोवती गुंडाळत न्यावे, फार न ताणता, आणि मग पट्टी सरकवून बाहेर काढावी. हाती येते ती सुमारे साडेसत्तावीस बाय सोळा सेंटीमीटरची सपाट गुंडाळी. ती तीस सेंटीमीटर खोल फळीवर नेमकी बसते. घडीची बंद, गोल बाजू समोर आणि सुटी टोके मागे असावीत, म्हणजे समोरून फक्त रंगाच्या पट्ट्या दिसतात आणि मोजणेही सोपे होते. उथळ खणात हीच घडी उभी ठेवावी, बंद बाजू वर करून. पाव तुकड्याची ५५ सेंटीमीटरची बाजू दोनदा निम्मी आणि ४५ ची बाजू तिहेरी दुमडली की चौदा बाय पंधराची जवळजवळ चौकोनी घडी होते. ती बुटांच्या खोक्याएवढ्या लहान खणात ओळीने उभी राहते.

पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर कापड गुंडाळण्याची पद्धत दिसायला छान आहे आणि मीटरभरापेक्षा मोठ्या तुकड्यांना ती सोयीचीही पडते. मात्र पुठ्ठा आम्लविरहित असावा. साध्या पुठ्ठ्यातले आम्ल काही वर्षांत सुतात उतरते आणि पिवळे-तपकिरी डाग पडतात, जे धुऊन सहसा जात नाहीत. शिवाय प्रत्येक पुठ्ठ्याची जाडी जागा खाते, त्यामुळे अर्ध्या मीटरच्या तुकड्यांसाठी मी तो वापरत नाही. घडी सुटू नये म्हणून टाचणी, स्टेपल किंवा रबरबँड लावू नये. टाचणी गंजते, आणि रबर कालांतराने चिकट होऊन कापडावर वितळल्यासारखे बसते. बांधायचेच असेल तर कापडाच्याच काठाची चिंधी पुरते. घडी करण्याआधी कडक इस्त्री करण्याचीही गरज नाही. इस्त्रीने घडीची रेघ अधिक घट्ट बसते आणि कापताना पुन्हा इस्त्री करावीच लागते. खळ घालून कापड ठेवणे तर निश्चितच टाळावे. चंदेरी कसरीला खळ फार प्रिय असते आणि ती खाताना खालचे सूतही कुरतडले जाते. खळ द्यायची ती कापण्याच्या दिवशी द्यावी.

घडीच्या कडांवर रंग उडतो तो उजेडाने. ही हानी साठत जाणारी असते. तीव्र उन्हात थोडे दिवस आणि मंद उजेडात बरेच महिने यांचा परिणाम सारखाच होऊ शकतो, आणि गेलेला रंग अंधारात ठेवून परत येत नाही. अतिनील किरण अडवणारी काच किंवा पातळ पटल उपयोगी असते, परंतु दृश्य प्रकाशही रंग खातो, त्यामुळे त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. उघड्या फळ्या असतील तर त्या खिडकीसमोरच्या भिंतीवर नसाव्यात आणि त्यांच्यापुढे घट्ट विणीचा पडदा असावा. जागेबद्दल खात्री नसेल तर गडद कापडाची एक पट्टी अर्धी जाड पुठ्ठ्याने झाकून दोन महिने तेथे ठेवावी. झाकलेल्या आणि उघड्या भागांत फरक दिसला की ती जागा कापडासाठी बाद समजावी.

दमटपणाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण कुबट वासाचे मूळ तेथे आहे. सूत हवेतला ओलावा सतत घेत आणि सोडत असते. साधारण ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि हाताला ते कोरडेच लागते. आर्द्रता याच्या वर जाऊन बराच काळ तशीच राहिली की बुरशीला पोषक स्थिती तयार होते. दमट दिवसात कापड हवाबंद डब्यात भरले तर तो ओलावाही आतच बंद होतो, आणि रात्री बाहेरची भिंत गार झाली की डब्याच्या आतल्या बाजूला त्याचे पाणी होते. म्हणून डबे भरण्याचे काम कोरड्या हवेच्या दिवशी करावे, धुतलेले कापड वाळल्यानंतरही एक दिवस मोकळे ठेवावे, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे. एक साधा आर्द्रतामापक कपाटात असू द्यावा. त्यावरचा आकडा ५० च्या आसपास राहिला तर चिंता नाही. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यातच काम करतात आणि त्या वेळोवेळी तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात. उघड्या फळीवर त्यांचा काही उपयोग नाही.

डब्यांचे प्लास्टिक पाहून घ्यावे. तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर ते अनुक्रमे दाट पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन असते आणि दोन्ही कापडासाठी सुरक्षित आहेत. ३ हा आकडा पीव्हीसीचा आहे. ते जुने होताना आम्ल सोडते आणि त्यातला मऊपणा देणारा द्रव बाहेर येऊन चिकट थर जमतो. पारदर्शक साखळीच्या पिशव्या पुष्कळदा याच प्लास्टिकच्या असतात, म्हणून नव्या कापडासोबत आलेली पिशवी हे कायमचे घर समजू नये. कच्चे लाकूड आणि भुशाच्या फळ्याही आम्ल सोडतात. त्यांवर आम्लविरहित कागद किंवा अनेकदा धुतलेली जुनी सुती चादर अंथरावी, आणि चादर वर्षातून एकदा धुवावी, कारण आम्ल तीच शोषून घेते. तारेच्या टोपल्यांत हवा खेळते हे खरे, पण तारेच्या टोकांना सूत अडकते, त्यामुळे त्यांनाही आतून कापड लावावे लागते. माझी पसंती उथळ खणांना आहे. पंधरा-अठरा सेंटीमीटर खोलीचा खण ओढला की आतले सर्व काही एका दृष्टीत दिसते आणि झाकल्यावर उजेड लागत नाही.

डांबरगोळ्या सुती कापडात घालू नयेत. लोकर खाणाऱ्या पतंगाच्या अळ्यांना केरॅटिन लागते आणि ते स्वच्छ सुतात नसते. गोळ्यांची वाफ मात्र श्वासाला अपायकारक असते, काही प्लास्टिक तिने मऊ पडते, आणि वास क्विल्टमध्ये राहून जातो. लोकरीचे कापड किंवा लोकरीचे भरण असेल तर ते बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवावे, आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, म्हणजे त्यावर दव धरत नाही. इतर भरणासाठी एवढेच की ते दाबून ठेवू नये. निर्वात पिशवीत जागा वाचते पण फुगीरपणा काही अंशी कायमचा जातो. मोठ्या गुंडाळीत, उभे आणि सुती खोळीत ठेवावे.

कात्रणांबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा कठोर आहे. प्रत्येक उरलेला तुकडा लगेच ठरावीक मापात कापून ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तुम्ही त्या मापाचे क्विल्ट खरोखर करत असाल तरच तो योग्य आहे. अडीच इंची चौकोन शिवून झाल्यावर दोन इंचांचा होतो, आणि एका मोठ्या क्विल्टला ते दीड-दोन हजार लागतात. तसा बेत नसेल तर कापण्यात वेळ घालवू नये, कारण एकदा चौकोन झालेल्या तुकड्याची पट्टी होत नाही. मी फक्त दीड आणि अडीच इंचांच्या पट्ट्या कापते, बाकी कात्रणे रंगानुसार सात-आठ डब्यांत तशीच टाकते, आणि सर्वांत अरुंद बाजू दीड इंचापेक्षा कमी असेल तर तुकडा ठेवत नाही. डबा भरला की त्या रंगाचे काहीतरी शिवायचे किंवा डबा रिकामा करून कोणाला तरी द्यायचा. दुसरा डबा आणायचा नाही.

चालू असलेल्या कामाचे कापड मूळ साठ्यात परत जाऊ देऊ नये. त्यासाठी प्रत्येक क्विल्टला एक स्वतंत्र पेटी द्यावी आणि तीत नमुना, कापलेले तुकडे, गोटासाठी राखलेले कापड आणि तोच दोरा ठेवावा. सोबत एका कागदावर सुईचा क्रमांक आणि शिवणीची नेमकी रुंदी लिहावी. पाव इंचाची शिवण दोन यंत्रांवर किंचित वेगळी येते, आणि वर्षभराने अर्धवट क्विल्ट पुन्हा हाती घेतला की तेवढ्याने ब्लॉक जुळत नाहीत.

मीटरभराच्या आणि अस्तराच्या कापडाची नोंदवही ठेवणे उपयुक्त आहे. पाव तुकड्यांची नोंद ठेवू नये, ती टिकत नाही. काठाजवळून बोटभर लांबीचा नमुना कापून कार्डावर शिवून किंवा स्टेपल करून लावावा आणि त्याखाली पन्हा, शिल्लक लांबी आणि धुतले की नाही हे पेन्सिलीने लिहावे. कापल्याबरोबर, घडी परत ठेवण्याआधी, लांबीचा आकडा खोडून नवा लिहावा. ही कार्डे कडीत ओवून खरेदीला सोबत नेता येतात. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा रंग दुकानातल्या दिव्याखाली फसवतो, नमुन्याचा तुकडा फसवत नाही.

वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, प्रत्येक घडी मोडून नव्या जागी घालावी. विशेषतः काठाला काठ लावून पडलेली मधली घडी, जी कापड ताग्यावर असल्यापासून एकाच जागी आहे. तिच्यावरचे सूत कमकुवत होते आणि रंगही तेथेच आधी जातो. या वेळी जुन्या कापडाचा एक आडवा आणि एक उभा धागा काढून ओढून पाहावा. सहज तुटला तर ते कापड क्विल्टमध्ये घालू नये, कारण शेजारचे नवे कापड धुण्यात त्याला फाडते. असे कापड सुईची टाके-चाचणी घ्यायला किंवा रोटरी कटरचे (कापड कापायच्या फिरत्या गोल सुरीचे) नवे पाते तपासायला ठेवावे आणि त्याच्या घडीवर तसे लिहून ठेवावे.